नंदनकर साहेबांचा शेवटचा फोन

इन्स्पेक्टर चंपतराव गजभिये यांनी नुकताच तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता आणि त्यामुळे सारं ठाणं त्यांच्यापासून चार हात लांब राहत होतं. डॉक्टरांनी तंबी दिली, बायकोनं शपथ घातली आणि अर्ध्या आयुष्याची सवय एका दिवसात बंद. माणूस नुसता फणफणत होता. त्यात मे महिना, नागपूरचं ऊन, आणि गुरुवार म्हणून दुपारभर वीज गेलेली.

साडेचारच्या सुमाराला फोन वाजला.

"रामदासपेठेतून बोलतो. आमच्या मॅनेजर साहेबांचा खून झाला."

"कोणी केला?"

"आमच्या टेलिफोन ऑपरेटर बाईनं. फोनवरून."

चंपतरावांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "फोनवरून कोणी खून करते का बा? उन्हात फिरून आले का तुम्ही?"

"या तर खरं, साहेब," पलीकडचा माणूस म्हणाला.

ते गिट्टी-खदानीच्या, म्हणजे दगडाच्या खाणीच्या, एका कंपनीचं हेड ऑफिस होतं. वरच्या मजल्यावर मॅनेजर ईश्वरदास नंदनकर यांची केबिन. केबिनच्या दाराची आतली कडी तुटलेली, टेबलाशी गालिच्यावर साहेब पडलेले आणि त्यांच्या अंगावर चादर. कंपनीचे डॉक्टर हात धुऊन पुसत होते.

"हृदयविकार," डॉक्टर म्हणाले. "जानेवारीत असाच झटका आला होता. तेव्हा यांनी खाली फोन केला, ऑपरेटरनं लगेच मला बोलावलं, वाचले. आज कोणी बोलावलंच नाही. चिडूनच सांगतो तुम्हाला, वेळेवर आलो असतो तर हा माणूस आत्ता बसून चहा पीत असता."

"तोंडात काही होतं?"

"खर्रा. गालात तसाच होता, मीच काढला. जानेवारीपासून कानीकपाळी ओरडतोय, सोडा म्हणून! ऐकतंय कोण?"

चंपतरावांनी नाक चोळलं. केबिनमध्ये सगळीकडे तोच वास होता. टेबलाला, रुमालाला, साहेबांच्या शर्टाच्या छातीवर उडालेल्या तांबड्या थेंबांना. मेल्या माणसाचा हेवा वाटावा, असली ही वाईट सवय.

ज्यांनी ठाण्यात फोन केला ते डेप्युटी मॅनेजर रविंद्र बोबडे. सफारी सूट, हातात सिगारेटचं पाकीट, चेहऱ्यावर दुःख थोडं आणि घाई जास्त. साहेबांच्या खुर्चीकडे त्यांची नजर सारखी जात होती, ते चंपतरावांनी बघून ठेवलं.

"सांगा, काय झालं?"

"साहेब रोज दोन ते चार कडी लावून झोपतात. चार वाजता उठले नाहीत. शिपाई बळीरामनं हाका मारल्या. शेवटी मी, बळीराम आणि मेकॅनिक देवराव, तिघांनी दार तोडलं. साहेब असे पडलेले आणि रिसीव्हर खाली लोंबत होता."

"मग?"

"बळीराम डॉक्टरांकडे धावला. मी माझ्या केबिनमधून डॉक्टरांना फोन लावायला गेलो. लगेच परत आलो."

"तोवर इथं कोण होतं?"

"देवराव. तो बिचारा साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मग मी हाच फोन उचलून पाहिला. ऑपरेटर पुष्पलताचा आवाज कसा खणखणीत! माझाही तिला नीट गेला. म्हणजे फोन चांगला आहे. साहेबांनी फोन केला आणि तिनं मुद्दाम दुर्लक्ष केलं. सरळ आहे."

"घंटी नाही वाजवली साहेबांनी?"

"घंटी विजेवर चालते. गुरुवारी दुपारी वीज नसते. फोन तेवढा बॅटरीवर चालतो."

"आणि मुद्दाम कायले करंल ती?"

रविंद्र जवळ सरकले. "सकाळी साहेबांनी तिला सगळ्यांसमोर बैताड, बिनडोक म्हटलं. चहाच्या वेळी ती काय म्हणाली माहीत आहे? 'मरताना याले कोणी पाणी पाजणारं मिळू नये.' या कानांनी ऐकलं मी. तिला आजच घेऊन जा, साहेब."

"कोणाले कवा न्यायचं ते माह्यावर सोडा," चंपतराव म्हणाले आणि जिना उतरले.

संपर्काची खोली तळमजल्यावर होती. कंपनीत तिला सगळे बोर्डाची खोली म्हणत. चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. एका बाजूला टेलिफोनचा बोर्ड, शेजारी टेलिप्रिंटर, मागे बॅटऱ्या. वायरी मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी, भिंतीवर एकेक हत्यार आपापल्या खिळ्याला. धुळीचा कण दिसेल तर शपथ. दारावर रंगवलेलं होतं: 'उघडलेली वस्तू पुसल्याशिवाय बंद करू नये.'

ही सगळी टापटीप मेकॅनिक देवराव पराते यांची. केस पांढरे, खाकी शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं मोजकं. साऱ्या ऑफिसात त्यांना मान होता. वायर वाकडी दिसली तर साक्षात साहेबांनाही टोकणारा माणूस.

बोर्डापाशी पुष्पलता निमजे बसली होती. पंचविशीची, रडून डोळे सुजलेले. आपल्याला अटक होणार हे तिनं गृहीतच धरलं होतं. घरी आंधळी आई, दुसरं कोणी कमावणारं नाही. पदराचं टोक पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती.

"साहेबांचा फोन आला होता का वं?"

"आला होता. बोर्डावर त्यांच्या नंबराची झडप पडली, म्हणजे त्यांनी फोन उचलला. मी प्लग घातला, हॅलो म्हटलं. कोणीच बोलेना."

"खरखर? श्वास?"

"काहीच नाही. विहिरीत बोलल्यासारखं वाटलं. मी चार वेळा हॅलो म्हटलं. प्लग काढला. झडप परत पडली. परत हॅलो, परत काही नाही."

"मग?"

पुष्पलतानं खाली पाहिलं. "मग मी प्लग काढला आणि झडप तशीच राहू दिली."

"वर जाऊन पाहिलं काहून नाही?"

"साहेबाची झोप मोडली तर नोकरी जाते."

"तुझ्या मनानंच ठरवलं सारं?"

"हव. माझ्याच मनानं," ती घाईनं म्हणाली.

पोरगी काही तरी लपवते आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्याला वाचवायला लपवणारा माणूस डोळ्यांत डोळे घालून थापा मारतो. ही तर मान खाली घालून स्वतःवरच ओढून घेत होती. चंपतरावांना तिचा रागही आला आणि कीवही आली.

"सकाळी शाप दिला तो?"

"दिला. सगळ्यांसमोर बैताड म्हणते, मले राग नाही येणार? पण साहेब, जानेवारीत मीच डॉक्टर बोलावला होता. मले मारायचंच असतं तर तवाच नसता का मारला?"

चंपतरावांनी मान हलवली आणि ते देवरावांकडे वळले.

देवराव कापडानं प्लगांची पितळी टोकं पुसत उभे होते.

"आज साहेबांच्या फोनला हात लावला होता, देवराव?"

"हव. साहेब जेवून हात धुवायले गेले तवा लाइन टेस्ट केली. दर गुरुवारी करतो. वीज नसली का फोनचाच आधार राहते ना."

"ठीक होता?"

"एकदम."

"आणि दार तोडल्यावर?"

"साहेबापाशी बसलो होतो. पाणी पाजून पाहिलं. गेलं नाही पोटात."

"ही पोरगी खोटं बोलून राहिली, असं वाटते तुम्हाले?"

देवरावांचं कापड थांबलं. "पोरगी चांगली आहे, साहेब. पण फोनमंधी काही बिघाड नव्हता. ते मी कसं खोटं सांगू?"

बाहेरच्या पायरीवर भीमाबाई टोपली घेऊन बसली होती. ऑफिस झाडणं, फरशी पुसणं आणि दर सोमवारी सगळ्या टेलिफोनांना चमेलीचं अत्तर घातलेलं स्पिरिट लावणं, ही तिची कामं. अशी सुवासिक ऑफिसं तेव्हा रामदासपेठेत दोन-चारच होती आणि भीमाबाईला त्याचा मोठा तोरा होता.

"आज साहेबांचा फोन पुसला का, भीमाबाई?"

"आज कायले पुसन? सोमवारीच पुसला. साहेबाचा फोन म्हणजे नरक हाय बापा! खर्रा खाऊन बोलते, सारं आत उडते. दुसऱ्या दिवशी पाहाल तर जसाच्या तसा."

"खोलून आतूनही पुसता?"

"मी? देवरावभाऊ माहे हात तोडून ठेवंल! खोलायचं काम त्याचं. मी वरून पुसतो. बाटली इथंच त्याच्या कपाटात राहते."

"कडक दिसतात देवराव."

भीमाबाईचा आवाज उतरला. "पहिले असा नव्हता. गाणं म्हणे, हासे. लेक खदानीत दगडाखाली मेला तवापासून असा झाला. घरी जातच नाही, ही खोलीच त्याचं घर. तवा बोर्डावर शोभाताई होती. तिनंही नोकरी सोडली. म्हणे, मले त्या बोर्डाकडे पाहवत नाही."

"काहून?"

"ते नाही सांगितलं तिनं. मले तरी नाही."

चंपतराव पुन्हा वर गेले. प्रेत हलवलं होतं. केबिन कोंदट, तापलेली आणि वास अजून तसाच. खिशात हात घालायचा आणि तिथं काही नाही, हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक! ठाण्यात निरोप द्यावा म्हणून त्यांनी साहेबांचा रिसीव्हर उचलून तोंडाशी नेला.

आणि तसाच धरून राहिले.

त्यांनी रिसीव्हर हुंगला. एकदा, दोनदा. मग बोलायच्या बाजूची जाळीदार चकती फिरवून काढली आणि आतली डबी हुंगली. डबी लख्ख होती. मग ते रविंद्रच्या केबिनमध्ये गेले, त्यांचा फोन तसाच उघडला, तोही हुंगला. रविंद्र तोंड वासून पाहत राहिले.

"तुमच्या फोनमंधी धूळ आहे," चंपतराव म्हणाले. "उद्या सकाळी सगळ्यांना बोर्डाच्या खोलीत जमवा. पुष्पलतालाही. कोणी कुठं जाणार नाही."

"तिला अटक?"

"उद्या."

शुक्रवारी सकाळी पुष्पलता सगळ्यांच्या आधी आली. आईला काय सांगून आली, कोण जाणे. बोर्डापाशी बसून ती हमसून हमसून रडत होती. देवराव तिच्या समोर बसून प्लग पुसत होते. रविंद्र आले, भीमाबाई आणि बळीराम दाराशी उभे राहिले. शेवटी चंपतराव आले. जोडे बाहेर काढून आले.

"बोबडे साहेब, तुमचं सिगारेटचं पाकीट द्या."

त्यातला चांदीचा कागद त्यांनी फाडून घेतला. "मी वर साहेबांच्या केबिनमधून फोन करतो. पुष्पलता, झडप पडली का रोजच्यासारखं बोल. बाकीचे गप."

थोड्या वेळात झडप पडली. पुष्पलतानं प्लग घातला.

"हॅलो... हॅलो, बोला... हॅलो?" तिचा आवाज चिरकला. "असंच! कालही असंच झालं! बापा, असंच!"

वरून चंपतरावांची आरोळी जिन्यातून ऐकू आली. ते फोनमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडत होते. प्लगच्या दोरीतून मात्र शब्दही येत नव्हता.

ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात तो चांदीचा कागद होता.

"ही युक्ती रात्रीतून मले नाही सुचली. टेलिफोन खात्यात माझा साळा आहे, त्याले विचारून आलो. फोनच्या तोंडामागं जी डबी असते, तिच्या खाली हा कागद घातला का फोन मुका होते. बहिरा नाही होत, मुका होते. झडप पडते, ऑपरेटरचं हॅलो ऐकू येते, पण आपण कितीही बोंबललो तरी तिकडे पोचत नाही. काल साहेब मरून राहिले होते आणि ही पोरगी त्यांच्या कानात हॅलो हॅलो करून राहिली होती."

पुष्पलतानं तोंडावर हात घेतला.

"पण मी बोललो ना त्या फोनवर," रविंद्र म्हणाले. "चांगला होता."

"तुम्ही बोलले तवा कागद निघाला होता. आता ऐका. साहेब आतून कडी लावून होते. आत दुसरं कोणी नाही. तोंडात खर्रा, शर्टावर थेंब उडालेले, इतक्या जोरानं ते ओरडले. मग फोनच्या तोंडाले कशाचा वास यायले पाहिजे?"

"खर्र्याचा," बळीराम म्हणाला.

"सांगतो तुम्हाले, मी खर्रा सोडला आहे. असल्या माणसाचं नाक कुत्र्यापेक्षा तेज राहते. साऱ्या केबिनमंधी खर्रा होता आणि फोनमंधी ताजी चमेली! भीमाबाई सोमवारी पुसते, तोही वरून. हा आतून पुसलेला होता. बोबडे साहेबांचा फोन उघडला, आत धूळच धूळ. म्हणजे साहेब मेल्यावर, दार तुटल्यावर कोणी तरी तो उघडला, कागद काढला आणि पुसून बंद केला. पुसायची काही गरज नव्हती. खिशातल्या कापडाले चमेली होती आणि हाताले सवय होती. या खोलीत उघडलेली वस्तू पुसल्याशिवाय बंद होत नाही."

सगळ्यांच्या नजरा एकदम वळल्या. बळीराम डॉक्टरांकडे गेला होता. रविंद्र आपल्या केबिनमध्ये. पुष्पलता खाली बोर्डावर.

"दुपारी जेवणाच्या वेळी टेस्टच्या नावाखाली कागद घालणारा आणि नंतर साहेबाचं डोकं मांडीवर घेऊन बसणारा माणूस एकच आहे," चंपतराव म्हणाले. "काहून केलं, देवराव?"

देवरावांनी हातातला प्लग जागेवर ठेवला. त्यांचा चेहरा भ्यालेला नव्हता. उलट जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा होता आणि ते पाहून भीमाबाई एक पाऊल मागं सरली.

"मी मारलं नाही त्याले. मी फक्त वाट पाहिली."

"कवापासून?"

"जानेवारीपासून. फोननं वाचला तो. तवाच ठरवलं का पुढच्या खेपेले फोन नसन. घंटी चालू असली का उपयोग नाही. म्हणून गुरुवार धरला. दर गुरुवारी कागद घालो, चार वाजता काढो. काल देवानं ऐकलं."

"तुमचा लेक?"

"माझा नत्थू दगडाखाली दबला होता. जिवंत होता, बोलून राहिला होता. मुकादमानं खदानीतून फोन केला, क्रेन पाठवा म्हणून. हा हरामखोर मुंबईशी बोलून राहिला होता. त्याले अडचण झाली. शोभाताईले म्हणाला, किरकिर नको, खदानीचा प्लग काढ. तिनं काढला. नोकरी सोडून जाताना माझ्या पायावर पडून सांगितलं तिनं." देवरावांचा आवाज आता चढला. "संध्याकाळपर्यंत जिता होता माझा लेक! हाका मारत मेला. मग यानंही तसंच मरावं, हाका मारत! आणि मेला! मले काही पस्तावा नाही, लिहून घ्या."

चंपतरावांनाही क्षणभर या माणसाचं सगळं पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

ते पुष्पलताकडे वळले. "आता खरं सांग. झडप दुसऱ्यांदा पडली तवा तू कोणाले विचारलं?"

तिनं देवरावांकडे पाहिलं. "काकाले," ती शेवटी म्हणाली. "म्हटलं, काका, साहेबाचा फोन आहे, आवाज नाही येऊन राहिला, वर जाऊन पाहू का? सांगितलं नाही तुम्हाले, म्हटलं माझ्यापायी त्यांची नोकरी जाईल."

"आणि काका काय म्हणाले?"

"म्हणाले, झोपेत हात लागला असन. प्लग काढ."

देवराव पटकन म्हणाले, "तुले काही होऊ दिलं नसतं, पोरी."

पुष्पलता उठली. तिचं रडणं थांबलं होतं. "शोभाताईच्या हातून साहेबानं प्लग काढवला. माझ्या हातून तुम्ही. माझ्या हातानं माणूस मारला तुम्ही आणि मले सांगितलंही नाही."

"पोरी, मी सांगणार होतो..."

"कवा? मले नेल्यावर? माझी आई उपाशी मेल्यावर? आत्ता इथं मी रडून राहिली होती. तुम्ही समोर बसून प्लग पुसून राहिले होते, काका!"

देवरावांची इतका वेळ ताठ असलेली मान पहिल्यांदाच खाली गेली. त्यांनी भिंतीला हात टेकला. बसायला काही मिळतं का, ते पाहू लागले. स्टूल पुष्पलताच्या मागंच होतं. तिनं ते पुढं केलं नाही आणि दुसऱ्या कोणीही केलं नाही.